मोपेडचं गाऱ्हाणं

"मोपेड आलीच पाहिजे. तिला काय, बसवू कुणाच्या तरी मागे."

सोसायटीचे सेक्रेटरी हे बोलले तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर, गच्चीच्या कठड्याला टेकून बसले होते. ते काही कुजबुजले नव्हते. माझ्यासमोर कुजबुजायची गरज बिल्डिंगमध्ये कुणालाच वाटत नसे. मी फार कमी बोलायचे, आणि जी बोलत नाही तिला ऐकूही येत नसावं असा एक सर्वसाधारण समज होता. तो मी कधी खोडून काढला नाही. त्या समजामुळे मला बरंच काही ऐकायला मिळायचं.

मोपेड माझी होती. मागे बसणारीही मीच. गच्चीवर जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझी मोपेड सर्वानुमते मंजूर झाली.

या सगळ्याची सुरुवात एका फोटोपासून झाली होती. सेक्रेटरींचा मेहुणा आखातात नोकरीला. तो सुट्टीवर येताना एक इंग्रजी मासिक घेऊन आला. त्यात पानभर फोटो: पसरलेलं वाळवंट, आणि हेल्मेट घातलेली पाच-सहा माणसं चार जाडजूड चाकांच्या मोटरसायकलींवर बसून वाळूचे ढीग चढतायत. चार चाकांची मोटरसायकल आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. ते पान गणपतीच्या प्रसादासारखं बिल्डिंगभर फिरलं. माझ्याकडे ते खालचा इंग्रजी मजकूर वाचून दाखवण्यासाठी आलं. मी वाचला. रस्ता नसेल तिथूनही ही गाडी जाते, एवढंच त्यात लिहिलं होतं.

"रस्ता नसेल तिथून तर आपण रोजच जातो," दुसऱ्या मजल्यावरचे स्कूटरवाले म्हणाले. "त्यात काय मोठं?"

खरं होतं. तेव्हा चारकोपचे सेक्टर नकाशात आखलेले होते आणि जमिनीवर त्यांचा फक्त मुरूम होता. ओळीने नवी घरं, मधे भरावाचे ढीग, आणि ढिगांपलीकडे खाडीचा काळा चिखल. रस्ता होणार होता. तो किती तरी दिवस होणारच होता.

"आपणही एकदा निघू या सगळे मिळून. एकदम झकास, जंगलातून, डोंगरातून," सेक्रेटरी म्हणाले. आपल्याकडे चार चाकांच्या त्या गाड्या नाहीत, वाळवंट नाही, आणि निम्म्या लोकांना चढावर गिअर बदलता येत नाही, या किरकोळ बाबी होत्या. एक मोटरसायकल, दोन स्कूटर आणि एक मोपेड एवढा ताफा जमला. मोपेड मोजली तेव्हा मला कुणी विचारलं नाही, हे वर आलंच आहे.

आमच्या बिल्डिंगच्या मंडळाला कुठलीही गोष्ट करण्याची एकच पद्धत ठाऊक होती. बहुतेक घरं कोकणातली, आणि दर गणपतीत आमचं नाटक ठरलेलं. आधी वाचन, मग पात्रयोजना, मग तालमी, मग नारळ. त्यामुळे सहलीचंही वाचन झालं. सेक्रेटरींनी गच्चीवर उभं राहून मार्ग वाचून दाखवला, तोही आवाजात चढउतार देऊन. बिल्डिंगपासून मार्वे. मार्व्याला गाड्या होडीत चढवून पलीकडे मनोरी. तिथून पुढे डांबरी रस्ता सोडायचा, कारण डांबरी रस्ता बसमधल्या लोकांसाठी असतो. खाडीच्या कडेने बैलगाडीची वाट, मग दगडांची टेकडी, टेकडी उतरून गोराईच्या बाजूला झाडाखाली स्वयंपाक.

ही वाट कुणी पाहिली होती? कुणीच नाही. सेक्रेटरी पूर्वी एकदा मनोरीला लग्नाला गेले होते आणि तिथे जेवण चांगलं होतं. त्यामुळे वाटेचे जाणकार ते ठरले.

"पंक्चर झालं तर?" कुणीतरी विचारलं.

"होणार नाही," सेक्रेटरी म्हणाले. हा मुद्दा तिथेच मिटला.

स्वयंपाकात पिठलं की पुलाव, यावर मात्र तो रविवार आणि पुढचा रविवार असे दोन्ही गेले. शेवटी पिठलं ठरलं. लाकडं ओली निघाली तर वांधा नको म्हणून स्टोव्ह न्यायचा ठरला, आणि स्टोव्ह मांडीवर कोण धरणार याची पात्रयोजना झाली. दुसऱ्या मजल्याच्या स्कूटरवर मागे मी, माझ्या मांडीवर स्टोव्ह, हातात रॉकेलची बाटली. बाकीच्या बायकाही कुणाच्या ना कुणाच्या मागे होत्या, पण त्यांच्या मांडीवर निदान स्वतःची मुलं होती.

आणि मोपेडवर नायक.

नायक म्हणजे आमच्या नाटकातला नायक. तिसऱ्या मजल्यावर राहायचा, एका कचेरीत कामाला होता, आणि दरवर्षी त्यालाच मुख्य भूमिका मिळायची, कारण त्या वयाच्या पुरुषांत पूर्ण केस असलेला तो एकटाच. त्याच्याकडे गाडी नव्हती. पण सहलीला नायक मागे बसून येणार हे मंडळाला पटेना. म्हणून माझी मोपेड.

मलाही नाटकात काम असायचं. मी प्रॉम्प्टर. मी इंग्रजी माध्यमातली, म्हणजे हिला वाचता येतं, असं धरून दोन वर्षांपूर्वी माझ्या हातात संहिता दिली गेली. खरं तर देवनागरी मी अडखळत वाचायचे. त्या तालमींनीच मला नीट मराठी वाचायला शिकवलं. विंगेत स्टुलावर बसायचं, कुणी थांबलं की पुढचं वाक्य हळूच सोडायचं. एक गोष्ट मला तिथे आवडायची. अडलेला नट, मग तो कितीही मोठा असो, आपसूक माझ्याकडे कान करायचा, आणि मी देईन ते वाक्य घ्यायचा. हे वाक्य मला नको, असं आजवर एकही जण म्हणाला नव्हता.

स्टेजवरून उतरल्यावर तो कान पुन्हा सेक्रेटरींकडे वळायचा.

मोपेडबद्दल थोडं सांगायला हवं. मी बोरिवलीला एका ऑफिसात टायपिंग करायचे, आणि आमच्या सेक्टरपासून बस जिथे थांबायची तिथवर चालत गेलं की चप्पल हातात घ्यावी लागायची. म्हणून मोपेड. मला ती कुणी शिकवली नाही. सकाळी लवकर निघून भरावाच्या ढिगांमधून मी एकटीच शिकले, कारण पडले तर बघायला कुणी नको होतं. पडलेही. चिखलात चाक रुतायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा नाही, उलट सोडायचा, आणि सायकलीसारखे दोन-चार पेडल मारायचे. गाडी मग कुरकुरत का होईना, बाहेर येते. हे मला कळलं तेव्हा मी हसले होते, एकटीच, मोठ्याने. मी बाहेर मोठ्याने हसल्याचं मला आठवणारं ते एकमेव ठिकाण.

बाबा पूर्वी गिरणीत होते. संपानंतर ते चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात लागले. पावसाळ्यात मी त्यांना तिथवर सोडायचे. ते मागे बसून दोन्ही पाय वर उचलून धरायचे आणि वाटेत एक शब्द बोलायचे नाहीत. उतरल्यावर पँटवरचे शिंतोडे मोजल्यासारखे बघायचे आणि म्हणायचे, "आज कमी." याहून मोठी शाबासकी मला शाळेतही मिळाली नव्हती. थोडक्यात, आमच्या घरात मागे बसणारे बाबा होते.

वाचनानंतरच्या आठवड्यात नायक मोपेड बघायला खाली आला. तिच्याभोवती एक फेरी मारली, सीटवर थाप मारली, जणू घोडा घेतोय.

"ए, ह्याला पेडल कशाला गं?"

"सुरू करायला," मी म्हटलं.

"सायकल वाटते यार. सगळ्यांत पुढे मी, आणि पाय असे गोल-गोल फिरतायत. कसं दिसेल?" त्याने वाकून पेडलचा बोल्ट पाहिला. "काढून टाकतो. पाना आहे माझ्याकडे."

"मग सुरू कशी होणार?"

"धक्का मारून. एवढे सगळे आहेत की धक्का द्यायला." मग माझ्याकडे बघून तो हसला, नाटकात नायिकेकडे बघून हसायचा तसं. "तुला चालेल ना?"

चालणार नव्हतं. पेडल काढले की ती मोपेड म्हणजे ढकलायची एक जड वस्तू झाली असती. सोमवारी सकाळी मला कोण धक्का देणार होतं? आणि पान्याने ओढूनताणून एकदा काढलेले पेडल पुन्हा पहिल्यासारखे बसतील याची कुणी हमी देत नव्हतं. सहल एका दिवसाची होती. माझं ऑफिस रोजचं होतं. ती सकाळची एकटीची वाट रोजची होती. हे सगळं वाक्यावाक्याने माझ्या डोक्यात तयार होतं, अगदी पाठ. मी म्हटलं, "बघू."

बिल्डिंगमध्ये माझं 'बघू' म्हणजे 'हो' समजलं जायचं. माझं 'नको' सुद्धा तसंच समजलं जायचं.

घरी आईने तवा खाली आपटला. "तू सांगत कित्याक नाय तेंका? गाडी तुजी मा?"

"सांगेन."

"कदी? पेडला भंगारात गेल्यार?"

बाबा पेपरमागून म्हणाले, "गाडी तिची, तोंड पण तिचाच. सांगतली तेवा सांगतली."

आमच्या घरात मालवणी बोलली जायची. मी उत्तर द्यायचे ते पुस्तकातल्या मराठीत. शाळेत बाई मराठीत विचारायच्या तेव्हा माझ्या तोंडून इंग्रजी निघायचं, आणि ऑफिसात साहेब इंग्रजीत बोलले की मी नुसती मान हलवायचे. एकूण काय, ज्या भाषेत विचारलं त्याच भाषेत उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

मग तालीम झाली. तालमीशिवाय आमचं पान हलत नसे. एका रविवारी संध्याकाळी चारही गाड्या भरावाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत नेल्या. सगळी बिल्डिंग बघायला आली. खुर्च्या आणल्या नाहीत एवढंच.

सेक्रेटरींची मोटरसायकल मुरमाच्या ढिगावर अर्धी चढली, विचार केल्यासारखी थांबली आणि आली तशी मागे उतरली. सेक्रेटरींनी ती पायांनी रोखायचा प्रयत्न केला आणि त्यांची एक चप्पल ढिगातच राहिली. एक स्कूटर खड्ड्यात कलंडली. मागच्या वहिनी आधीच उतरल्या होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. संबंध तालमीत अचूक अंदाज तेवढा त्यांचा ठरला.

नायक मोपेड घेऊन थेट खाडीकडच्या मऊ जागेत गेला, कारण तिथून तो सगळ्यांना दिसत होता. चाक रुतलं. त्याने अ‍ॅक्सिलरेटर पिळला. चाक आणखी रुतलं. त्याने आणखी पिळला. मागे उभ्या असलेल्या सगळ्या मंडळावर काळ्या चिखलाचा फवारा उडाला.

"अरे, वाट लागली शर्टाची!"

"बंद कर रे! बंद कर!"

मी त्याच्या सगळ्यांत जवळ होते. "पेडल मारा," मी हळूच म्हटलं. "सोडा, आणि पेडल मारा."

स्टेजवर माझी अशी कुजबुज तो पहिल्या रांगेतल्या खोकल्यांतूनही टिपायचा. इथे त्याला ती ऐकू आली नाही. किंवा आली असेल, पण वाक्य नायकाचं नव्हतं.

शेवटी चौघांनी मिळून मोपेड उचलून बाहेर काढली. परत येऊन गच्चीच्या कठड्याशी चिखल पुसत लगेच बैठक झाली. मोटरसायकल चढली नाही, याचं कारण ढीग सुटा होता. स्कूटर पडली, याचं कारण वहिनी उतरल्या आणि तोल गेला. मोपेड रुतली, याचं कारण पेडल.

"पेडल चिखलात अडकतात," नायक म्हणाला. "मी आधीच सांगितलं होतं."

"बरोबर," सेक्रेटरी म्हणाले. "निघायच्या दिवशी सकाळी काढून टाक. त्याआधी नको, तिला ऑफिसला जायचं असतं." आणि माझ्याकडे वळून, मायेने, "तुझी अडचण नको व्हायला, काय?"

माझी अडचण ध्यानात घेतली गेली होती. मी मान हलवली.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे गेटपाशी जमले. गाड्या ओळीत उभ्या होत्या, प्रत्येकीला झेंडूची माळ. तळमजल्यावरच्या काकांना गाऱ्हाणं घालायला बोलावलं होतं. आमच्याकडे नवं काही निघायचं तर देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय निघत नाही. एक जाणता माणूस नारळ हातात घेऊन देवाला सगळं नीट सांगतो, कोण जातंय, कुठे जातंय, काय सांभाळायचं ते. आणि तो थांबला की बाकीच्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काका ते काम वर्षानुवर्षं करत होते. नाटकात ते म्हाताऱ्याची भूमिका करायचे आणि दर अंकात तीनदा अडायचे. पण गाऱ्हाण्यात त्यांचा एक नियम कडक होता. देवाला चुकीचं सांगायचं नाही. मागे एकदा गाऱ्हाणं झाल्यावर दोघांनी आपसांत स्कूटर बदलल्या, तेव्हा काकांनी सगळ्यांना थांबवून नवा नारळ आणायला लावला होता. देवाला एक सांगायचं आणि गाडीवर दुसराच बसवायचा, मग देव सांभाळणार कुणाला?

मी स्टोव्ह पोटाशी धरून उभी होते. नायक मोपेडशेजारी उकिडवा बसला होता, पाना बोल्टवर लावून. गाऱ्हाणं संपेपर्यंत थांबायला त्याला सांगितलं होतं. आईबाबा खिडकीत होते.

"बा देवा म्हाराजा!" काकांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज ही जी काय पोरा-टोरा गाडयो घेऊन भायर पडतत…"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या वाटेत काय काटो-कुटो, इडा-पिडा आसात ती परती कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"अगं, स्टोव्ह सरळ धर, रॉकेल सांडतंय!" एक वहिनी माझ्यावर ओरडल्या.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. एकदा लय लागली की आमची माणसं काय ऐकतोय हे बघत नाहीत.

"ही मोटरसायकल. हिचो चालवणारो आमचो सेक्रेटरी. तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच मोठ्याने झालं.

दोन्ही स्कूटर झाल्या, त्यांचे चालवणारे झाले. काका एक पाऊल सरकले आणि मोपेडसमोर उभे राहिले.

"आणि ही मोपेड. हिका चालवणारो…"

ते थांबले. त्यांची खिडकी गेटाकडे उघडायची. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते तिथे बसलेले असायचे आणि रोज सकाळी ही मोपेड त्यांच्या समोरून जायची. त्यांनी मोपेडकडे पाहिलं, खाली बसलेल्या नायकाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. सेक्रेटरींनी तोंड उघडलं, पण काकांचं वाक्य अर्धं असताना मधे बोलायची चाल नाही, म्हणून ते तसंच उघडं ठेवलं.

ते खरोखर अडले होते की नाही, मला आजही माहीत नाही. नारळ हातात तसाच धरून त्यांनी मान किंचित तिरकी केली आणि नाटकात करायचे तसा माझ्या दिशेला कान केला. त्यांचं पाहून सवयीने नायकाने केला. मग बाकीच्यांनी. गेटपाशी उभी असलेली सगळी नटमंडळी पुढच्या वाक्यासाठी माझ्याकडे बघत होती, श्वास घेऊन, "व्हय म्हाराजा" ओठांवर तयार ठेवून.

मी स्टोव्ह खाली ठेवला. विंगेत बोलायचे त्या आवाजात नाही, भरावाच्या ढिगांमागे एकटी हसले होते त्या आवाजात मी म्हटलं,

"ही मोपेड माजी आसा, आणि ती मीच चालवतलंय, पेडलांसकट. माका सांभाळून घे रे म्हाराजा!"